ओट्याची उंची

अनंत चतुर्दशी झाली, दारावरचं वाळलेलं आंब्याचं तोरण उतरवलं, की मला घरात बसवत नाही. हे चौथं वर्ष. पाऊस धड गेलेला नसतो, धड राहिलेलाही नसतो. सकाळी सुकापूरच्या रस्त्यावर चिखल आणि दुपारी त्याच चिखलाची धूळ. गच्च्यांवरच्या निळ्या ताडपत्र्या उतरायला लागतात. भिंतीवरचं शेवाळ काळं पडून सुटतं. पितृपंधरवडा म्हणून नव्या इमारतींच्या बुकिंग ऑफिसात कोणी फिरकत नाही, आत मुली एसी लावून नुसत्या बसलेल्या दिसतात. सगळं गाव जणू कुठल्यातरी कामाच्या मध्ये थांबलेलं असतं आणि त्याच दिवसांत माझे हात काम शोधत फिरतात. एकच डबा तीनदा पुसते. गॅलरीत जाते, परत येते. चहा टाकते आणि प्यायचा विसरते.

स्वयंपाकघरातलं लाकूडही याच दिवसांत हलतं. चार महिने दमट हवा पिऊन फुगलेला माझा फणसाचा ओटा आता आकसायला लागतो. भिंतीजवळची फट नखाएवढी रुंद होते. दुपारी कधीतरी एकदम ‘टक्’ असा आवाज येतो. संतोष, माझा नवरा, पेपरातून मानसुद्धा वर करत नाही. मी मात्र उठते, जवसाच्या तेलाची बाटली काढते, फडकं घेते आणि ओट्यावर हात फिरवायला लागते. तेलाचा तो कच्चा, गवतासारखा वास नाकात गेला की तीन वर्षांपूर्वीचा पितृपंधरवडा पुन्हा समोर येऊन उभा राहतो.

त्या साली आम्ही वेगळे झालो. गॅस आला, मिक्सर आला, इंडक्शनही आलं, पण आमच्याकडे शब्द अजून तोच: चूल वेगळी केली. पळस्प्याच्या अलीकडच्या गावातलं आमचं घर. खाली मोठे दीर आणि वयनी, वर आम्ही, स्वयंपाक मात्र खाली, एकच. वयनी म्हणजे माझी मोठी जाऊ. घरात लहानथोर सगळेच त्यांना वयनी म्हणतात, त्यांचं खरं नाव मला लग्नानंतर वर्षभराने रेशनकार्डावर कळलं. एकोणीस वर्षं आम्ही दोघींनी एका ओट्यावर रांधलं. त्या पीठ मळायच्या, मी भाजायची. त्या मासळी साफ करायच्या, मी वाटण करायची. कोणी काय करायचं हे कधी ठरवलं नव्हतं, आणि एकोणीस वर्षांत एकदाही भांडण झालं नाही. लोक कौतुक करायचे. मीही करून घ्यायचे.

फक्त तो ओटा. सासूबाईंनी बांधून घेतलेला, काळ्या कडप्प्याचा, तीस इंच उंच. सासूबाई आणि वयनी दोघी जेमतेम पाच फुटांच्या, त्यांच्या हाताला तो बरोबर बसायचा. माझं माहेर आपटा, पाताळगंगा नदीकाठचं. आमच्या घरात सगळेच उंच, माझा बाप पाताळगंगेत छातीभर पाण्यात उभा राहिला की बाकीच्यांना गळ्याशी पाणी लागायचं. मी पाच फूट आठ इंच. त्या ओट्यावर भाकरी थापायची तर मला मोळी उचलायला वाकावं तसं वाकावं लागे. पहिली काही वर्षं काही वाटलं नाही. मग कंबरेत कळ यायला लागली. मग ती कळ जायचीच बंद झाली. सासूबाई गेल्या तरी ओटा तेवढाच राहिला, आणि मी कोणाला काही म्हटलं नाही. काय म्हणणार? दोघींपैकी एकीला तो बरोबरच होता.

सुकापूरचा फ्लॅट आम्ही घेऊन ठेवला होता. भाडेकरू सोडून गेले आणि मी संतोषला म्हटलं, “आपण राहायला जाऊ या.”

तो कंटेनर यार्डातून नुकताच येऊन बूट काढत होता. “का? काय झालं?”

“काही नाही झालं.”

“मग?”

“मला माझं स्वयंपाकघर पाहिजे.”

त्याने दुसरा बूट काढला आणि म्हणाला, “वयनींना तू सांग.”

श्रावण होता. वयनी दारात बसून वाल सोलत होत्या. भिजवून मोड आलेल्या वालांचं बिरडं आमच्याकडे श्रावणात दर दोन दिवसांनी असतं. मी शेजारी बसले, मूठभर वाल पुढे ओढले आणि सांगून टाकलं. वयनींच्या बोटांतून एक दाणा सालातून सुटून पातेल्यात पडला, मग दुसरा, मग तिसरा.

“बरा,” त्या म्हणाल्या.

त्यानंतर आमच्यात कामापुरतं बोलणं उरलं. मीठ दे. गॅस बारीक कर. पाणी आला. पण वाक्यांच्या मधला सगळा भरणा निघून गेला. शेजारच्या बायका मला विहिरीवर, दुकानात गाठून विचारायच्या, “भांडण काय झाला गो?” झालं नाही म्हटलं की आणखी जवळ सरकायच्या. भांडण असतं तर त्यांना पटलं असतं. माझ्याकडे त्यांना द्यायला कारणच नव्हतं. ओट्याच्या सहा इंच उंचीसाठी बाई घर सोडते, हे मोठ्याने बोलायला मलाच धीर होत नव्हता.

मी एका आयटीआयच्या भांडारात कामाला आहे. हत्यारं देणं, परत घेणं, मोजणं. रंधा, पटाशी, गुण्या, पाणसळ, सगळ्यांची नावं मला पाठ, पण एकही कधी चालवलेलं नव्हतं. स्वयंपाकघर स्वतः बसवायचं हे मी रागाने ठरवलं. आधी मॉड्युलर किचनवाला आला होता. लेसरने भिंती मोजून म्हणाला, “मॅडम, हाइट स्टँडर्डच ठेवू. बत्तीस इंच. उद्या विकायला काढलंत तर बरं पडतं.” घर अजून माझं झालं नव्हतं आणि हा ते विकायला निघाला होता. मी त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं. खालची कपाटं प्लायची, आयती मिळतात. ती जोडणं म्हणजे स्क्रू पिळणं. उरला वरचा ओटा. ग्रॅनाइट नको होतं. एकोणीस वर्षं गार, काळ्या दगडाला पोट टेकवून उभी राहिले होते. मला लाकूड हवं होतं. का, ते विचारू नका. हात ठेवला की परत काहीतरी जाणवावं, एवढंच.

जुन्या रस्त्यावर कानजीभाईंची लाकडाची वखार आहे. साठीचे, कानावर पेन्सिल, कपड्यांवर भुसा. मी ओट्याला लाकूड म्हटल्यावर त्यांनी चष्मा वर केला.

“बेन, चपाती लाटणार की फोटो काढणार?”

“भाकरी थापणार.”

“मग साग घ्या. डोळे मिटून.”

मी डोळे मिटून काही घेऊ शकत नव्हते त्या दिवसांत. साग पाहिला, शिसव पाहिलं, बाहेरून येणारं कसलंसं पांढुरकं लाकूड पाहिलं. चार खेपा घातल्या. शेवटी कानजीभाईंनी हाताएवढे चार तुकडे कापून दिले, म्हणाले, “घरी न्या. जे करायचं ते करा, पण एकदाचं ठरवा.” रिकाम्या फ्लॅटच्या खिडकीत मी ते ओळीने मांडले. प्रत्येकावर लिंबू पिळलं, चहाचा गरम ग्लास ठेवला, चिंचेचा कोळ सांडला, ओली हळद चोळली, आणि दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर जाऊन धुतलं. पांढुरक्या लाकडाने हळद पिऊन टाकली, काही केल्या सोडेना. शिसवावर लिंबाचे डाग. सागावरही पिवळट छाया राहिली. फणसाच्या तुकड्यावर मात्र काहीच दिसेना. तो मुळातच हळदीच्या रंगाचा होता.

“फणस,” मी कानजीभाईंना सांगितलं. का ते सांगितल्यावर ते खुर्चीत मागे रेलून हसले. “चाळीस वर्षं वखार चालवतो. हळद लावून लाकूड पसंत करणारं गिऱ्हाईक पहिलंच.”

पण लगेच गंभीर झाले. “आत्ता बसवू नका. पावसाळ्याचं फुगलेलं असतं ते. फळ्या घरात नेऊन ठेवा, खाली पट्ट्या टाकून, चारी बाजूंनी हवा लागू दे. तीन आठवडे. दसऱ्यानंतर हात लावा. घाई केलीत तर दिवाळीत भेगा बघाल.”

फळ्या आल्या त्या अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी. हॉलच्या मधोमध पट्ट्यांवर रचून ठेवल्या. आणि मग मला करण्यासारखं काही उरलं नाही.

त्या तीन आठवड्यांइतकी मी आयुष्यात कधी कासावीस झाले नव्हते. सकाळी गावातल्या घरी त्या काळ्या ओट्यावर वाकून डबे भरायचे, दिवसभर हत्यारं मोजायची, संध्याकाळी सुकापूरला उतरून फ्लॅटचं कुलूप उघडायचं. आत कोणी नाही, पंखाही नाही. फळ्यांवरून हात फिरवायचा. त्या उलट्या करायच्या, पुन्हा सुलट करायच्या. मोकळ्या स्वयंपाकघरात कपाटं लागणार त्या जागेवर उभं राहून हवेतच भाकरी थापून बघायची. खिडकीतून समोर भाताचा एक उरलेला तुकडा दिसायचा, चारी बाजूंनी इमारती आणि मध्ये पोटरीला आलेलं भात. तेवढ्यात अंधारून यायचं, चार थेंब पडायचे, पुन्हा ऊन. मला वाटायचं, आत्ता जावं, वयनींना सांगावं की राहू दे, नाही जात. घरी पोचले की त्या भांडी लावत असायच्या. त्या बघायच्या नाहीत, मी बोलायची नाही.

सर्वपित्रीला सासूबाईंचं पान वाढायचं होतं. वयनी पहाटेच उठल्या होत्या. भोपळ्याची भाजी, गवार, खीर, वडे. दोघी शेजारी उभ्या राहून आम्ही तासन्‌तास काम केलं. मी हात पुढे केला की त्यात झारा यायचा, त्यांनी मान वळवली की मी गॅस बारीक केलेला असायचा. हात सगळं बोलत होते. तोंडं मिटलेली.

दसरा झाला आणि मी संतोषला रविवारभर घेऊन बसले. कपाटं ओळीने लावली, पाणसळ ठेवली आणि कळलं की भिंत सरळ नाही, जमीनही सरळ नाही. पाणसळीतला बुडबुडा मधे येईपर्यंत एकेका पायाखाली चकत्या सरकवल्या. उंची माझ्या कोपरावरून घेतली. संतोषने टेप धरला.

“छत्तीस?” त्याने विचारलं.

“छत्तीस.”

“नक्की? इथे दुसरं कोणी उभं राहणार नाही ना?”

मी स्क्रू मोजत राहिले. फळ्या सांधून वर चढवल्या. कानजीभाईंनी सांगितल्याप्रमाणे भिंतीशी जागा सोडली आणि खालच्या पट्ट्यांना गोल भोकांऐवजी लांबट भोकं पाडली. “लाकूड आडवं वाढतं आणि आकसतं, बेन. त्याला सरकायला जागा द्या. आवळून बांधलंत तर ते स्वतःलाच फाडून घेतं.” सिंकजवळ आणि शेगडीखाली तेवढा दगड बसवला. मग पॉलिशपेपर आणि पाच हात तेल, दर दोन हातांमध्ये दोन दिवस. कोजागिरी उलटली आणि आम्ही राहायला आलो. पहिल्या सकाळी मी ताठ उभी राहून कांदा कापला. कंबर दुखली नाही. मी वाट बघत होते की आता छान वाटेल. कांदा संपला, टोमॅटो संपला, आणि मी शेजारी हात केला. त्या हातात कोणी काही दिलं नाही.

वसुबारसेच्या आदल्या दुपारी बेल वाजली. दारात वयनी. डोक्यावर पदर, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात साच्यांचा डबा. मागे कोणी नाही. रिक्षा करून एकट्या आल्या होत्या.

“करंज्या करायच्या नाय का? दिवाली आयली,” त्या म्हणाल्या, आणि चपला काढून सरळ स्वयंपाकघरात गेल्या.

ओट्यासमोर उभ्या राहून त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं. ओटा त्यांच्या जवळजवळ कोपराला येत होता.

“उंच झाला,” एवढंच म्हणाल्या.

पिशवीतून खोबरं काढलं, रवा काढला, माझी लोखंडी कढई शोधून शेगडीवर ठेवली. मी वेलची कुटायला घेतली. पंधरा मिनिटं गेली. सगळं पूर्वीसारखं होतंय असं वाटायला लागलं होतं. रवा भाजून झाला, वयनींनी तो परातीत ओतला आणि सांडशीत धरलेली ती तापलेली कढई, एकोणीस वर्षं ठेवत आल्या तशी, उजव्या हाताला ओट्यावर ठेवली.

चर्र आवाज झाला. धूर आला.

“वयनी!” मी ओरडले. “उचला ती! अक्कल आहे की नाही तुम्हाला? लाकूड आहे ते, दिसत नाही?”

असा आवाज माझ्या गळ्यात आहे हे मलाच माहीत नव्हतं. कढई उचलली तेव्हा खाली काळं कडं उठलं होतं. मी ओलं फडकं घासत होते. वयनी बाजूला उभ्या होत्या.

“वरड,” त्या म्हणाल्या. “आजून वरड. एकोणीस वरसांत एकदा तरी वरडलीस का माझ्यावर?”

“तुम्ही तरी श्रावणापासून माझ्याशी कुठे बोलताय?”

“काय बोलू? भांडली असतीस तर बोलाय काय तरी असता. बाया विचारतान, काय झाला, काय झाला. मी काय सांगू? माझी जाऊ माझ्याशी न भांडता गेली?”

“कंबर दुखायची माझी! त्या ओट्यावर वाकून वाकून.”

“मग बोललीस का नाय?”

“तुम्हाला दिसत नव्हतं?”

“दिसत होता. कंबरेवर हात ठेवून भिंतीकडं बघत उभी र्‍हायाचीस. मला वाटायचा, कंटाळली आमाला. मी मग तुझ्याकडं बघायचाच सोडला. बोलली असतीस तर फोडला असता तो ओटा. चार विटा चढवल्या असत्या. मी पाटावर उभी र्‍हायली असती. आमी काय परके हाव?”

मी फडकं खाली ठेवलं. त्या क्षणी सोपं होतं. त्यांच्या गळ्यात पडायचं, चुकलं म्हणायचं, सगळा दोष त्या तीस इंचांवर टाकायचा. पण तेवढं खरं नव्हतं. तीन आठवडे रिकाम्या घरात फिरताना मला ते कळलेलं होतं, फक्त शब्दांत आणलं नव्हतं.

“ओटा वाढवला असता तरी मी आले असते, वयनी,” मी म्हटलं. “मला माझं घर हवं होतं. तुमचा कंटाळा आला म्हणून नाही. माझं म्हणून.”

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

“आता कशी जावेसारखी बोललीस,” त्या म्हणाल्या आणि पदराने नाक पुसलं.

मग पिठाचा गोळा घेऊन लाटायला उभ्या राहिल्या. खांदे कानापर्यंत जायला लागले. दोनदा प्रयत्न केला, मग काही न बोलता पोळपाट उचलून खाली फरशीवर ठेवला आणि मांडी घालून बसल्या. मी समोर बसले. त्यांनी लाट्या लाटल्या, मी सारण भरलं. दिवस मावळेपर्यंत दोन डबे करंज्या झाल्या.

ते काळं कडं मी पुढच्या आठवड्यात घासून काढलं. पाऊण तास लागला. खालून कोवळं पिवळं लाकूड निघालं, आजूबाजूचं तोवर तांबूस झालं होतं, त्यामुळे कितीतरी दिवस तिथे फिकट चंद्र दिसायचा. आता तोही दिसत नाही, फणसाचं लाकूड वयाबरोबर गडद होत जातं. वयनी आता येतात, मीही जाते. सर्वपित्रीला त्या काळ्या ओट्यावर वाकते, दोन दिवस कंबर धरून बसते. चूल वेगळी ती वेगळीच. पण या पंधरवड्यात माझा जीव अजूनही थाऱ्यावर राहत नाही. आपलं म्हणून काही घेतलं की दुसऱ्या कोणाच्या तरी हातातून ते सुटलेलं असतं, याचा निकाल लागत नाही. लागू नये, असंही मला हल्ली वाटतं.

त्या संध्याकाळी मात्र असलं काही सुचलं नव्हतं. संतोष सोडायला येतो म्हणाला, वयनींनी ऐकलं नाही. मी त्यांना खाली गेटपर्यंत सोडायला गेले. रिक्षा थांबवली. वयनींनी डबा आत ठेवला, एक पाय आत टाकला आणि थांबल्या.

“आनी तुझी आमटी,” त्या म्हणाल्या. “पयल्यापासून पातल असते.”

“एकोणीस वर्षं जेवलात की.”

“काय करू? बोलाय होत नव्हता.”

“ताई, निघायचं?” रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं.

“थांब रे बाबा, बोलू दे,” वयनी म्हणाल्या, आणि एक पाय आत, एक पाय रस्त्यावर ठेवून त्या माझ्या पापडांवर आल्या, मग मी न सांगता बदललेल्या चहाच्या गाळणीवर, मग त्यांच्या बहिणीच्या लग्नात मी लवकर निघाले होते त्यावर. मागे एका गाडीने हॉर्न दिला.

मीही ओढणी कंबरेला बांधली आणि त्यांच्या तिखट मसाल्यापासून सुरुवात केली.